गावच्या क्वांटम शास्त्रज्ञ ताईंची सायटेशन कशी वाचायची?

अडाणकाठ

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात सार्वजनिक वाचनालय आहे, त्याचं काम मी पाहतो. निवृत्त शिक्षक आहे, विषय इतिहास. गावातली एक मुलगी क्वांटम भौतिकशास्त्रात संशोधन करते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली, मग यवतमाळ, अमरावती विद्यापीठातून एम.एस्सी., पुढे पीएच.डी. आणि आता परदेशात पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं संशोधन. घरची शेती कोरडवाहू, कापूस आणि तूर. ती पोळ्याला गावी येते आहे, तेव्हा वाचनालयात तिचा सत्कार ठेवला आहे. परिचय करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. तिला न विचारता तिचं नाव किंवा संस्था इथे देत नाही.

निमंत्रणपत्रिकेच्या मसुद्यात आमच्या एका कार्यकर्त्याने लिहिलं आहे, ‘जगभरातील ४०० शास्त्रज्ञांनी घेतली दखल’. हा आकडा गूगल स्कॉलरवरच्या तिच्या पानावरचा. तिथे उजवीकडे तीन ओळी आहेत: सायटेशन ४००च्या आसपास, एच-इंडेक्स ९, आय-टेन-इंडेक्स ८. दुसरा एक जण म्हणतो, त्याच्या नात्यातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांचा एच-इंडेक्स ३० आहे, मग ९ म्हणजे कमीच झाला.

समोर नववी-दहावीची मुलं बसणार. त्यांच्यापुढे खोटं काही बोलायचं नाही आणि मुलीचं काम कमी करूनही सांगायचं नाही. हे आकडे नेमकं काय सांगतात, कुणी समजावून सांगेल का?

शकुंतला_पॅसेंजर

गुरुजी, मन भरून आलं वाचून. मी मूळची कारंज्याची. कार्यक्रमाचे फोटो टाका. आकड्यांचं मला काही कळत नाही, पण पत्रिका छापायला टाकण्याआधी तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत.

निळा_फोटॉन

गुरुजी, मी वणीचा, सध्या प्रकाशावर प्रयोग करणाऱ्या एका लॅबमध्ये आहे. जमेल तेवढं सांगतो.

आधी ४०० चं. ते ४०० शास्त्रज्ञ नव्हेत. इतरांच्या लेखांच्या शेवटी जी संदर्भांची यादी असते, तीत तिच्या सगळ्या पेपरांची नावं मिळून ४०० वेळा आली, एवढाच त्याचा अर्थ. असा एक संदर्भ म्हणजे एक सायटेशन. एकाच लेखात तिच्या तीन पेपरांचा संदर्भ असेल तर तीन धरतात. तिने स्वतःच्याच जुन्या पेपरचा संदर्भ दिला तर तोही धरतात. शिवाय गूगल स्कॉलर प्रबंध, परिषदांमधले लेख, आर्काइव्ह (arXiv) या फुकट संकेतस्थळावरचे अजून छापून न आलेले मसुदे असं सगळंच गोळा करतं, त्यामुळे तिथला आकडा स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या निवडक जर्नलांच्या नोंदींपेक्षा बहुतेक वेळा मोठा दिसतो.

एच-इंडेक्सचा हिशोब सोपा आहे: किमान तेवढीच सायटेशन असलेले तेवढे पेपर, असा सगळ्यात मोठा आकडा. समजा कुणाचे पाच पेपर आहेत आणि त्यांना ४०, १२, ५, ३ आणि १ अशी सायटेशन आहेत. किमान ३ सायटेशन असलेले ३ पेपर सापडतात, पण किमान ४ असलेले ४ सापडत नाहीत. म्हणून एच-इंडेक्स ३. आता पहिल्या पेपरची सायटेशन ४० वरून ४,००० झाली तरी एच-इंडेक्स ३ च राहतो. ही गोष्ट लक्षात असू द्या. आय-टेन म्हणजे किमान १० सायटेशन असलेले पेपर किती, ते. हे माप गूगलचं स्वतःचं आहे.

एच-इंडेक्स काढला होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने, २००५ मध्ये. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथले, विषय अतिवाहकता, म्हणजे रोधाशिवाय वीज वाहणं. त्यांनी भौतिकशास्त्रापुरता अंदाज दिला होता: वीस वर्षं काम केल्यावर २० असेल तर यशस्वी शास्त्रज्ञ, ४० म्हणजे असामान्य. त्या वेळी भौतिकशास्त्रज्ञांमध्ये सगळ्यात जास्त एडवर्ड विटन यांचा होता, ११०. पण एका विषयाचा आकडा दुसऱ्या विषयाशी ताडून पाहू नये, हे त्याच लेखात सांगितलं आहे. जीवशास्त्रात आकडे बरेच मोठे असतात, कारण तिथे माणसं जास्त, लेख जास्त, संदर्भयाद्या लांब. म्हणून रसायनशास्त्राचे ३० आणि क्वांटम प्रयोगाचे ९ शेजारी ठेवून काहीच कळत नाही.

ताईंचा पहिला पेपर कोणत्या वर्षीचा? आणि सगळ्यात जास्त सायटेशन कोणत्या पेपरला?

अडाणकाठ

पहिला पेपर आठ वर्षांपूर्वीचा. सगळ्यात वरच्या पेपरवर चौदा जणांची नावं आहेत, तिचं नाव मध्ये कुठेतरी. निम्म्याच्या जवळपास सायटेशन त्या एकाच पेपरची. ज्यात तिचं नाव पहिलं आहे असे पेपर खाली आहेत, त्यांचे आकडे लहान. खरं सांगायचं तर ते पाहून जरा वाईट वाटलं.

निळा_फोटॉन

वाईट वाटून घेऊ नका, गुरुजी. हिर्शने दुसरंही एक माप सुचवलं होतं: एच-इंडेक्सला पहिल्या पेपरपासूनच्या वर्षांनी भागायचं. उत्तर १ च्या आसपास आलं तर माणूस चांगलं काम करतो आहे. ९ भागिले ८. म्हणजे हिर्शच्या हिशोबाने ताई उत्तम चालल्या आहेत. पण इतक्या लहान आकड्यांच्या भागाकारावर मी स्वतः फार भर देणार नाही.

नावांच्या क्रमाबद्दल. आमच्या प्रकारच्या लॅबमध्ये पहिलं नाव ज्याने प्रत्यक्ष प्रयोग उभा केला त्याचं आणि शेवटचं नाव लॅबप्रमुखाचं, असा रिवाज आहे. मधली नावं मदतीची, पण ती मदत केवढीही असू शकते. कणभौतिकीत मात्र वर्णानुक्रमाने लावतात. हिग्ज कणाच्या वस्तुमानाचा २०१५ चा पेपर घ्या. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या दोन प्रयोगांनी मिळून लिहिला, लेखक ५,१५४. ३३ पानांच्या लेखात २४ पानं नुसती नावांची आणि त्यांच्या संस्थांची. त्यातल्या प्रत्येकाच्या खात्यात त्या पेपरचं प्रत्येक सायटेशन अख्खंच्या अख्खं जमा होतं. तेव्हा चौदा नावांच्या पेपरवरून एका माणसाचं काम ठरत नाही, तुम्ही पहिल्या नावाचे पेपर शोधले ते बरोबरच केलं.

त्या पेपरांमध्ये काय आहे ते सांगाल का? शीर्षक नको, साधारण विषय.

अडाणकाठ

मला जेवढं उमगलं त्यावरून, एका स्फटिकातून फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, जोड्या काढायची काहीतरी सुधारलेली रीत आहे.

निळा_फोटॉन

मग हे मी अगदी जवळून सांगू शकतो, माझं रोजचं काम तेच आहे.

४०५ नॅनोमीटरचा जांभळा लेसर बीटा बेरियम बोरेट नावाच्या स्फटिकावर सोडतात. स्फटिक काही मिलिमीटरचा, नखावर मावेल एवढा. आत शिरणाऱ्या कोट्यवधी फोटॉनांपैकी एखाद्याचे दोन होतात, प्रत्येकी ८१० नॅनोमीटरचे. ते डोळ्याला दिसत नाहीत. ही जोडी एंटँगल्ड असते, म्हणजे दोघांचं ध्रुवीभवन (प्रकाशाच्या कंपनाची दिशा) सुटं सुटं ठरलेलं नसतं, मोजलं की दोघांचं उत्तर एकमेकांशी जुळतं. आता हे दोन अदृश्य फोटॉन दोन वेगळ्या डिटेक्टरांवर नेऊन, दोघांची नोंद एकाच क्षणी, नॅनोसेकंदांच्या फरकाने झाली का ते पाहायचं. खोलीत अंधार लागतो. उपकरणांवर जे बारीक हिरवे-लाल दिवे असतात त्यांच्यावरसुद्धा काळी टेप चिकटवलेली असते, कारण डिटेक्टर एकेक फोटॉन मोजत असतो. आरशाचा स्क्रू केसभर फिरवायचा, पडद्यावरचा जोड्यांचा आकडा वाढला की घटला ते पाहायचं, पुन्हा केसभर फिरवायचा. दुपारी जुळवून ठेवलेलं रात्री एसी कमी-जास्त झाला की हललेलं सापडतं. असं महिनोन्‌महिने चालतं, तेव्हा कुठे एक आलेख पेपरात जातो.

म्हणून प्रयोग करणाऱ्याचे पेपर संख्येने कमीच असतात. कागदावर गणित मांडणारा माणूस वर्षात चार पेपर लिहू शकतो, सेटअप उभारणाऱ्याची पहिली दोन-तीन वर्षं कधीकधी एकाही पेपरशिवाय जातात.

गुरुजी, एक करा. त्या पहिल्या नावाच्या पेपरखाली ‘सायटेड बाय’ असं लिहिलेलं असेल, त्यावर टिचकी मारा. ज्यांनी संदर्भ दिला त्यांची यादी उघडेल. त्यातले चार-पाच लेख आर्काइव्हवर फुकट मिळतील. प्रत्येकात ताईंचं नाव शोधा आणि ज्या वाक्यापाशी संदर्भ दिला आहे तेवढं एक वाक्य वाचा. बाकी समजलं नाही तरी चालेल.

तालुका_प्राध्यापक

चर्चा छान चालली आहे. मी याच भागातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवतो. दुसरी बाजूही मुलांपर्यंत गेली पाहिजे म्हणून लिहितो.

२०१० साली यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, प्राध्यापकांच्या बढतीसाठी एपीआय गुण आणले आणि पेपरांचे गुण मिळू लागले. त्यानंतर आमच्याकडे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. रोज मेल यायचा, ‘तीन दिवसांत प्रकाशन, प्रमाणपत्रासह’. फी भरा, पेपर छापला. कुणी वाचत नाही, कुणी तपासत नाही. मी ज्या कॉलेजात आधी होतो तिथे एका बढतीच्या फायलीत एकाच महिन्यात, एकाच जर्नलमध्ये छापलेले पेपर लावलेले मी पाहिले आहेत, आणि लॅबमध्ये चालू अवस्थेत एक सीआरओ (विद्युत लहरी पडद्यावर दाखवणारं साधं उपकरण) नव्हता. त्या माणसाचा मला राग येत नाही. ज्याला आठवड्याचे तास, परीक्षा, नॅकच्या फायली आणि निवडणुकीची ड्यूटी सांभाळून संशोधन दाखवायला सांगितलं, पण उपकरण दिलं नाही, त्याच्यापुढे दुसरी वाट ठेवलेली नव्हती.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. पत्रकार जॉन बोहॅनन यांनी मुद्दाम चुका भरलेला एक बनावट पेपर ३०४ ओपन अ‍ॅक्सेस जर्नल्सना पाठवला होता आणि निम्म्याहून जास्त ठिकाणी तो स्वीकारला गेला. २०१३ मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यांनी ते सगळं मांडलं. आपल्याकडे यूजीसीने २०१९ मध्ये मान्य जर्नलांची केअर यादी काढली, २०२५ च्या फेब्रुवारीत ती बंदही केली. पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही अट २०२२ च्या नियमांत काढली. माझ्या मते ते योग्य झालं. त्या अटीमुळे पोरं मार्गदर्शकाच्या आधी फी मागणाऱ्या जर्नलला गाठत होती.

तेव्हा गुरुजी, ताईंचे पेपर कोणत्या जर्नलमध्ये आहेत ते आधी बघा. फिजिकल रिव्ह्यू या नामांकित मालिकेतलं असेल तर निर्धास्त राहा.

अडाणकाठ

सर, दोन फिजिकल रिव्ह्यूमध्येच आहेत. बाकीची नावं इथल्या जाणकारांना व्यक्तिगत निरोपात पाठवली होती, सगळी चांगली आहेत असं कळलं.

पऱ्हाटी

गुरुजी राम राम. मी शेती करतो, बारावीपर्यंत सायन्स होतं. मले एक समजून नाही राह्यलं. वरचं सगळं वाचून असं दिसते का आकड्यात फीचा घोळ हाये, नावाचा घोळ हाये, विषयाविषयाचा फरक हाये. मंग हे आकडे पाहाच कायले? जिनिंगवर काट्यानं क्विंटल समजते, धागा किती लांब निघन हे काटा सांगत नाही, त्यासाठी कापूस हातात घ्या लागते. पोट्टीनं काम काय केलं ते सांगा ना लोकायले. अंधाऱ्या खोलीत स्क्रू फिरवते ते सांगा. माया पोराले ते समजन.

चिखलदऱ्याची_वाट

पऱ्हाटी दादा, तुमचं म्हणणं पटतं, तरी मी आकड्यांच्या बाजूने दोन शब्द बोलणार आहे. कारण मला त्यांचा उपयोग झाला आहे.

मी अचलपूर तालुक्यातल्या खेड्यातली. घरात पदवीपर्यंत पोचलेली पहिली. पोस्टडॉकसाठी अर्ज करायची वेळ आली तेव्हा माझ्याबरोबरच्या मुलामुलींकडे मोठमोठ्या नावांची शिफारसपत्रं होती. त्यांचे गाईड त्या लोकांबरोबर शिकलेले, परिषदेत एका टेबलावर जेवणारे. माझे गाईड प्रामाणिक, पण त्यांना बाहेर कुणी ओळखत नव्हतं. माझ्याकडे काय होतं? एक पेपर, ज्याचा संदर्भ माझ्याशी कसलाही संबंध नसलेल्या तीन देशांतल्या लोकांनी दिला होता. मुलाखतीत पहिलाच प्रश्न त्या पेपरवर आला. त्यांनी माझं नाव त्या लोकांच्या संदर्भयादीत पाहिलं होतं.

आडनाव, गाव, कॉलेज कोणतं, इंग्रजी कसं बोलता, हे सगळं जिथे आधी पाहिलं जातं, तिथे अनोळखी माणसाने तुमचं काम वापरल्याची नोंद हा एकच साक्षीदार असा आहे जो तुमच्या ओळखीचा नसतो. आकडे काढून टाका म्हणणाऱ्यांनी त्यांच्या जागी काय येणार ते सांगावं. ओळखपाळखच येणार.

अर्थात आकडेही सगळ्यांशी सारखे वागत नाहीत. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्येच दाखवलं होतं की श्रेय आधीच प्रसिद्ध असलेल्याकडे जास्त ओढलं जातं. दोघांनी तेच शोधलं तर मोठ्या नावाचा संदर्भ दिला जातो. तरीसुद्धा मी नोंद असण्याच्या बाजूची आहे.

पऱ्हाटी

ताई, हे असं मी पाहिलंच नोहोतं. बरोबर हाये तुमचं.

जुनी_पानं

इतिहासाचे शिक्षक धागा चालवताहेत म्हणून इतिहासातलं काही.

सायटेशन मोजायची पद्धत बसवली यूजीन गारफिल्ड यांनी. १९५५ साली त्यांनी कल्पना मांडली आणि १९६४ मध्ये फिलाडेल्फियातून सायन्स सायटेशन इंडेक्स छापायला सुरुवात केली. एखाद्या जुन्या लेखाचं पुढे काय झालं, कुणी तो खोडला, कुणी पुढे नेला, हे शोधायची सोय व्हावी हा मूळ हेतू. माणसांना गुण देणं नंतर आलं.

आता क्वांटमकडे पाहा. १९३५ मध्ये आइनस्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांचा पेपर आला. क्वांटम सिद्धान्त अपुरा आहे हा त्यातला आक्षेप, आणि एंटँगलमेंटचा सगळा वाद तिथून सुरू होतो. त्या पेपरची सायटेशन कित्येक दशकं अगदी तुरळक होती आणि १९९० च्या दशकात, क्वांटम माहितीशास्त्र उभं राहिल्यावर, ती एकदम चढली. दीर्घकाळ झोपलेल्या पेपरांचा एक अभ्यास २०१५ मध्ये झाला, त्यात या पेपरचं नाव ठळक आहे.

जॉन बेलची गोष्ट याहून बोलकी. बेल सर्नमध्ये कणभौतिकी आणि त्वरकांचं (कणांना वेग देणाऱ्या यंत्रांचं) काम करायचे, क्वांटमच्या पायाचा विचार त्यांचा फावल्या वेळचा. आइनस्टाइनच्या आक्षेपाची प्रयोगाने परीक्षा घेता येते हे दाखवणारा त्यांचा १९६४ चा लेख ‘फिजिक्स’ नावाच्या एका नव्या जर्नलमध्ये आला, आणि ते जर्नल काही वर्षांतच बंद पडलं. सुरुवातीची वर्षं त्या लेखाकडे जवळपास कुणाचं लक्ष नव्हतं. १९७२ मध्ये क्लाउझर आणि फ्रीडमन यांनी प्रयोग केला, १९८२ मध्ये अ‍ॅस्पे यांनी अधिक कडक केला, आणि २०२२ चं नोबेल क्लाउझर, अ‍ॅस्पे आणि त्साइलिंगर यांना मिळालं. बेल १९९० मध्येच गेले होते. आज त्या लेखाची सायटेशन हजारोंनी आहेत. लेख छापल्यावर पाच वर्षांनी कुण्या समितीने बेलचा आकडा पाहिला असता तर हा लेख तिला वाया गेलेला वाटला असता.

आपल्याशी नातं असलेला एक पेपर सांगतो. चार्ल्स बेनेट आणि झील ब्रासार यांची क्वांटम पद्धतीने गुप्त किल्ली पाठवण्याची रीत, जिला आज बीबी८४ म्हणतात, ती १९८४ च्या डिसेंबरमध्ये बंगळुरूच्या एका संगणक परिषदेत मांडली गेली. परिषदेच्या कामकाजात छापलेली पाच पानं, एवढंच. फोटॉनच्या जोड्या असोत की सुटे फोटॉन, क्वांटम गुप्तसंदेशावर काम करणारा प्रत्येक जण आज त्या पाच पानांचा संदर्भ देतो.

सत्येंद्रनाथ बोस तर या सगळ्या मोजणीच्या बाहेरचे. १९२४ मध्ये ढाक्याहून त्यांनी आइनस्टाइनना एक छोटा लेख पाठवला, आइनस्टाइननी स्वतः त्याचं जर्मन भाषांतर करून छापून आणला. बोसांनी डॉक्टरेट केलेली नव्हती आणि त्यांचे एकूण पेपर मोजकेच आहेत. वर निळा_फोटॉन यांनी सांगितलं ते आठवा: एका पेपरला ४,००० सायटेशन मिळाली तरी एच-इंडेक्स हलत नाही. शिवाय बोस-आइनस्टाइन संख्याशास्त्र वापरणारा आज १९२४ च्या लेखाचा संदर्भ देतच नाही, ते पाठ्यपुस्तकात गेलं. काम जितकं खोल मुरतं तितकं ते संदर्भयादीतून नाहीसं होतं. श्रोडिंगरचं समीकरण वापरताना त्यांचा १९२६ चा लेख कोण देतो?

हिग्ज कण ज्यांच्या नावाचा, त्या पीटर हिग्ज यांनी १९६४ नंतर दहासुद्धा पेपर लिहिले नाहीत. २०१३ चं नोबेल मिळालं त्या वर्षी त्यांनी एका मुलाखतीत सांगितलं होतं की आजच्या काळात आपल्याला विद्यापीठात नोकरी मिळाली नसती.

आणि हिर्श स्वतः? २०२० मध्ये त्यांनी लिहिलं की हे माप कधीकधी साफ फसतं आणि त्याचे गंभीर दुष्परिणाम होतात. अतिवाहकतेच्या रूढ सिद्धान्ताला त्यांचा विरोध आहे, आणि प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्याला आकड्यांच्या या पद्धतीत जागा मिळत नाही, हा त्यांचा अनुभव.

निळा_फोटॉन

उत्तम. यात एक भर. सायटेशन म्हणजे कौतुकच असं नाही. २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटाचा, मायोराना नावाच्या सैद्धान्तिक कणासारख्या अवस्थेवरचा पेपर आला, खूप गाजला. इतरांनी मूळ डेटा मागून तपासला, त्रुटी सापडल्या आणि २०२१ मध्ये लेखकांनीच तो मागे घेतला. त्याच्यावर टीका करणाऱ्या लेखांचे संदर्भही मोजणीत सायटेशन म्हणूनच जमा आहेत.

अडाणकाठ

सगळ्यांचे आभार. काल रात्री सांगितल्याप्रमाणे ‘सायटेड बाय’ उघडून बसलो. निम्म्याहून जास्त ठिकाणी तिचा संदर्भ दहा-बारा जणांच्या कळपात आहे, ‘या क्षेत्रात अलीकडे बरंच काम झालं आहे’ अशा वाक्याला. पण एका लेखात, प्रयोगाची मांडणी सांगणाऱ्या भागात, एकट्या तिचा संदर्भ आहे. अर्थ असा लागला की स्फटिक आणि आरसे आम्ही या पेपरमधल्या रीतीप्रमाणे लावले. ते लोक जपानचे आहेत, तिच्याबरोबर कधी पेपर लिहिलेला दिसत नाही. आणखी एका लेखात तिच्या मोजणीशी आपली मोजणी ताडून पाहिली आहे आणि जुळली असं म्हटलं आहे.

परिचयात असं म्हणू का: ‘फोटॉनच्या जोड्या तयार करण्याची हिने बसवलेली रीत जपानच्या प्रयोगशाळेने आपल्या प्रयोगात वापरली आहे आणि हिची मोजणी दुसऱ्यांनी स्वतंत्रपणे करून पाहिली, ती जुळली.’ एवढंच. ४०० चा आकडा पत्रिकेतून काढायला सांगितला आहे.

निळा_फोटॉन

गुरुजी, हेच वाक्य ठेवा. माझ्या कामाबद्दल कुणी असं बोललं तर मला एच-इंडेक्सपेक्षा त्याचा आनंद जास्त होईल. फक्त ‘हिने’च्या जागी ‘हिने आणि हिच्या सहकाऱ्यांनी’ म्हणा, पहिल्या नावाचा पेपर असला तरी एकटीचा नसतो. ज्या वाक्यांना तुम्ही कळपातले म्हणालात तेही अगदीच वाया नाहीत. त्या क्षेत्रातला माणूस यादी करायला बसला तर तिचं नाव सुटत नाही, एवढं त्यातून कळतं.

तालुका_प्राध्यापक

पत्रिकेत ‘जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञ’ असंही कुणी घालायला सांगेल, जिल्ह्याच्या पेपरात दरवर्षी तशा बातम्या येतात. ती यादी स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस आणि सहकारी स्कोपसच्या आकड्यांवरून काढतात. तो पुरस्कार नव्हे आणि विद्यापीठाने केलेली निवडही नव्हे. त्यात पूर्ण कारकिर्दीची एक आणि एका वर्षाची एक अशा दोन याद्या असतात, बातमीत ते सांगत नाहीत.

यवतमाळ_बीएस्सी

मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे, फिजिक्स-मॅथ्स. धागा सुरुवातीपासून वाचते आहे. पुढे क्वांटममध्ये पीएच.डी. करायची आहे. गाईड निवडताना त्यांचा एच-इंडेक्स पाहावा का? आणि आमच्या कॉलेजात जर्नल येत नाहीत, पेपर वाचायचे कुठे?

चिखलदऱ्याची_वाट

गाईडचा एच-इंडेक्स पाहू नकोस ग, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचे पेपर पाहा. विद्यार्थ्यांची नावं पहिली येतात का? पीएच.डी. किती वर्षांत संपली? पुढे ते कुठे गेले? दोन-तीन जणांना सरळ मेल कर आणि लॅबमध्ये कसं वागवतात ते विचार. बरेच जण मोकळेपणाने सांगतात. मुलींनी तर हे विचारावंच.

निळा_फोटॉन

पेपरांसाठी आर्काइव्ह. पॉल गिन्स्पार्ग यांनी १९९१ मध्ये सुरू केलं, पूर्ण फुकट, मोबाइलवरही उघडतं. क्वांटमचा वेगळा विभाग आहे, आणि आमच्या क्षेत्रातला बहुतेक प्रत्येक पेपर तिथे असतोच. सरकारने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स. तुमचं कॉलेज त्यात आहे का ते ग्रंथपालांना विचारा.

राष्ट्रीय क्वांटम मिशन २०२३ च्या एप्रिलमध्ये मंजूर झालं, ६,००३ कोटींहून थोडं जास्त, २०३०-३१ पर्यंत. त्यामुळे पुढच्या काही वर्षांत या विषयात जागा निघतील. एम.एस्सी.साठी जॅमची परीक्षा द्या, आणि देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात तिला अर्ज करा. दोन महिने खऱ्या लॅबमध्ये काढता येतात. तोवर रेखीय बीजगणित पक्कं करा. मॅट्रिक्स, आयगेनव्हॅल्यू, टेन्सर गुणाकार. पहिला पेपर म्हणून बीबी८४ ची पाच पानं वाचा, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला ती समजतात. अडलं तर इथेच विचारा.

यवतमाळ_बीएस्सी

धन्यवाद दादा, धन्यवाद ताई. बीबी८४ उघडलं आहे. पहिल्या पानावर ध्रुवीभवनाच्या दोन बेसिसबद्दल लिहिलंय, तिथे एक शंका आहे. नवा धागा काढते.